जुनी वॅगन आर घ्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कराडला राहते आणि पाटणच्या अलीकडे एका शाळेत शिकवते. २०१५ साली मी सेकंडहँड वॅगन आर घेतली. गाडी २००७ची, एमएच ११ पासिंग, पहिले मालक साताऱ्याचे निवृत्त बँक कर्मचारी, मीटरवर ६१ हजार. आज मीटरवर २ लाख १० हजारांच्या वर आकडा आहे आणि गाडी रोज शाळेत जाते-येते. त्यामुळे नात्यातलं, शाळेतलं, शेजारचं कुणीही जुनी गाडी बघायला निघालं की आधी मला फोन येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात. माझा अनुभव आणि माझ्यासारख्या आठ-दहा गाडीवाल्यांकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं, असं दोन्ही मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

तुम्ही नेमक्या कोणत्या वॅगन आरबद्दल बोलताय?

पहिल्या पिढीच्या. ही गाडी भारतात डिसेंबर १९९९मध्ये आली आणि २०१०च्या सुरुवातीपर्यंत त्याच ढाच्यात विकली गेली. मधे दोनदा तोंडवळा बदलला. इंजिन १०६१ सीसीचं, चार सिलिंडरचं पेट्रोल. एप्रिल २०१०मध्ये देशातल्या तेरा शहरांत बीएस ४ हा गाड्यांच्या धुराचा नियम लागू झाला. आपल्याकडची त्यातली शहरं म्हणजे मुंबई, पुणे आणि सोलापूर. त्याच सुमारास नवी वॅगन आर आली, तिचं इंजिन ९९८ सीसीचं. दोन्ही गाड्यांचं नाव एकच असलं तरी इंजिन वेगळं, पार्ट वेगळे आणि दुखणीही वेगळी. जुन्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, नव्यात चेन आहे. गाडी बघायला जाण्याआधी आरसीवरची सीसी वाचा, म्हणजे कोणत्या गाडीबद्दल बोलणं चाललंय ते पक्कं होतं.

एवढी जुनी गाडी भरवशाची असू शकते का?

असू शकते, आणि हे मी दहा वर्षं चालवून सांगते आहे. या दहा वर्षांत गाडी रस्त्यात तीनदा थांबली. एकदा बॅटरी गेली, एकदा क्लचची केबल तुटली आणि एकदा घाटात पाण्याचा पाइप फुटला. तिन्ही वेळा गाडीने आधी कल्पना दिली होती आणि मी दुर्लक्ष केलं होतं. बॅटरी जायच्या आधी आठवडाभर सकाळी सेल्फ रेंगाळत होता. केबल तुटण्याच्या महिनाभर आधीपासून क्लच जड लागत होता आणि पायाखाली कुरकुर व्हायची.

शाळेतल्या एका सरांकडे याच मॉडेलची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी नवी गाडी होती. त्यांनी तीन वर्षांत कंटाळून विकली. किलोमीटरही कमी झालेले. फरक एवढाच की त्यांच्याकडे गाडी आली तेव्हा आधीच्या चार मालकांपैकी कुणाचंही एक बिल त्यांना मिळालं नाही. बेल्ट कधी बदलला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) कधी भरलं, कशाचाच पत्ता नव्हता. माझ्या गाडीसोबत निळ्या रंगाची एक फाइल आली होती आणि तिच्यात पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं लावलेली होती. म्हणून कुणी मला "कोणतं मॉडेल चांगलं?" असं विचारलं की मी आधी "मालक कोण?" असं विचारते.

घाटात गाडी तापते का?

तब्येत ठीक असेल तर नाही. तब्येत ठीक नसेल तर घाटातच कळतं.

मे २०१९मधली गोष्ट. आम्ही चिपळूणहून परत येत होतो. मागे आई आणि मुलगी, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या. पोफळी सोडली आणि कुंभार्लीचा चढ सुरू झाला. पुढे भरलेला ट्रक, त्यामुळे सगळा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, आणि एसी चालू. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर काट्याकडे लक्ष गेलं. एरवी तो मध्याच्या किंचित खाली असतो आणि तिथून हलत नाही. तो मध्याच्या वर आला होता. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा चारवर केला, काचा खाली केल्या. हीटर लावला की इंजिनातली थोडी उष्णता आत केबिनमध्ये येते, आणि काटा खरोखरच थोडा खाली आला. पण लगेच तो गोडसर वास आला. कूलंटचा वास एकदा ओळखला की माणूस विसरत नाही. पुढची जरा रुंद जागा बघून मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

बॉनेट उघडलं तर वरच्या मोठ्या पाइपाच्या टोकाला, क्लिपच्या अगदी कडेला, नखाएवढी चीर होती आणि तिच्यातून वाफ येत होती. चिरेच्या भोवती पांढरट-हिरवा थर वाळलेला होता, म्हणजे गळती त्या दिवशीची नव्हती. मी रेडिएटरचं झाकण उघडलं नाही. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, हे आमच्या मिस्त्रींनी बजावून ठेवलं होतं. पाऊण तास थांबलो. मग मागून आलेल्या एका ट्रकच्या क्लीनरने मदत केली. त्याने पाइपाचं फाटलेलं टोक सुरीने अर्धा इंच कापून टाकलं, उरलेला पाइप पुढे ओढून क्लिप आवळली, आणि आम्ही पिण्याचं पाणी ओतून हेळवाकपर्यंत सावकाश आलो. कोयनानगरला पुन्हा पाणी भरलं. घरी पोचेपर्यंत काटा जागेवर होता.

मिस्त्री त्याआधीच्या सर्व्हिसला म्हणाले होते, "बाई, पाइप कडक झालाय, बदलून टाकू." मी पुढच्या वेळी बघू म्हटलं. तो पाइप काही शे रुपयांचा होता. तापलेली गाडी तशीच रेटली असती तर हेड गॅस्केट गेलं असतं, हेड वाकलं असतं, आणि इंजिन खोलण्याचं काम निघालं असतं. आई मागे उन्हात बसली होती ते अजून डोळ्यांसमोर येतं. तेव्हापासून रबराच्या कामाला मी "नंतर" म्हणत नाही.

मग पाण्याच्या बाजूचं काय काय बघून घ्यायचं?

इंजिन थंड असताना वरचा आणि खालचा पाइप हाताने दाबा. तो लवचीक लागला पाहिजे. दाबल्यावर करकर वाजला किंवा लाकडासारखा लागला तर बदला. रेडिएटरचं झाकण उघडून आतलं पाणी बघा. ते हिरवं किंवा जे कूलंट भरलं असेल त्या रंगाचं, पण स्वच्छ हवं. चहासारखं तांबूस असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं साधं नळाचं पाणी भरलं आहे आणि आत गंज धरला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, साबणासारखा थर असेल तर सौदा तिथेच थांबवा. पाण्यात ऑइल उतरत असावं.

गाडी चालू करून दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा आणि पंखा आपोआप लागतो का, थोड्या वेळाने बंद होतो का ते ऐका. काही ठिकाणी पंख्याला थेट वायर मारून तो कायम चालू ठेवलेला असतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी गरम झालं की उघडणारी झडप, काढून टाकायची सवयही आपल्याकडे फार आहे, "गाडी तापणार नाही" म्हणून. त्याने गाडी कायम थंड राहते, पेट्रोल जास्त खाते आणि इंजिन लवकर झिजतं. थर्मोस्टॅट काढलेला असेल तर विचारा, का काढला? आधी ती तापत होती म्हणूनच काढला असणार.

टायमिंग बेल्टचं एवढं काय?

हा बेल्ट तुटला की इंजिन जागीच बंद पडतं, आणि आतले व्हॉल्व्ह वाकण्याचा धोका असतो. बाहेरून काही कळत नाही, आवाजही येत नाही. एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो, पण गाडी कमी चालली असली तरी रबराचं वय होतंच. तुम्ही घेतलेल्या गाडीचं बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरून चाला आणि पहिल्याच आठवड्यात बदलून घ्या. सोबत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही बदला, कारण मजुरी तीच लागते. वॉटर पंपही त्याच वेळी तपासून घ्या.

मीटर मागे फिरवलेला कसा ओळखायचा?

मीटरपेक्षा गाडीच्या अंगावरच्या झिजेवर विश्वास ठेवा. ५० हजार चाललेल्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. स्टीअरिंगचा वरचा भाग चकाकत असेल, ड्रायव्हर सीटचा दाराकडचा काठ बसलेला असेल, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले असतील, तर गाडी खूप चालली आहे. सर्व्हिसच्या जुन्या बिलांवर त्या-त्या वेळचं मीटर लिहिलेलं असतं. पीयूसी आणि विम्याचे जुने कागदही मागा. अठरा वर्षांची गाडी ४० हजारच चालली आहे असं कुणी सांगितलं तर ते खरंही असू शकतं, पण त्याला कागदाचा आधार हवा. आणि खरंच इतकी कमी चाललेली गाडी असेल तर टायर, पाइप, बुश, सील यांचं सगळं रबर उभ्या-उभ्या वाळलेलं असतं. मी तशा गाडीपेक्षा दीड लाख नियमित चाललेली गाडी घेईन.

गाडी बघायला जाताना तुम्ही काय करता?

सकाळी जाते, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवते की मी आल्याशिवाय गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर कुणीतरी आधी चालू करून ठेवली आहे, आणि का ठेवली हा प्रश्न उरतो.

थंड गाडी चालू करताना मी एकाला मागे सायलेन्सरजवळ उभं करते. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येऊन थांबते, त्यात काही नाही. निळसर धूर आला तर गाडी ऑइल खाते. फक्त चालू करताना निळा आला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील, चालवताना सतत आला तर पिस्टन रिंगपर्यंत काम जाऊ शकतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघते. तिथून भकाभका हवा बाहेर येत असेल तर इंजिन आतून झिजलं आहे.

त्यानंतर बॉनेटच्या कडा, दारांचे बिजागरीचे बोल्ट, डिकीतलं स्टेपनीखालचं पत्र्याचं तळ बघते. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर ते दार कधीतरी उतरवलं आहे. दाराच्या खालच्या भागावर बोटांनी टकटक केलं की पत्रा आणि पुट्टी यांचा आवाज वेगळा येतो. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ असेल तर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच आहे असं धरून भावात बोला.

मिस्त्रीला सोबत न्या आणि त्याचे पैसे द्या. फुकट नेलेला मिस्त्री पाच मिनिटांत "चांगली आहे" म्हणून मोकळा होतो.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

आमच्या भागात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं. दोन्ही वेळा शेकडो घरांच्या दारातल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, सुकवून, आतलं कापड बदलून बऱ्याच बाजारात आल्या.

सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. बेल्टचा जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो तिथे चिखलाची रेघ राहते, आणि धुतला तरी तो पट्टा कडक लागतो. सीटच्या खालच्या रेल्स आणि बोल्ट बघा. मोटारीच्या आतल्या बोल्टना गंज येण्याचं दुसरं कारण सहसा नसतं. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि फ्यूज बॉक्सच्या खाली बारीक गाळ बोटाला लागतो. दिव्यांच्या काचेत आतून ओलावा बघा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. सुगंधी फवारा जास्तच मारला असेल तर त्यामागचा कुबट वास तोवर वर येतो. बुडालेली गाडी चालू होते, चालतेही. पण दोन-तीन पावसाळ्यांनी वायरिंगचे जोड हिरवे पडायला लागतात आणि मग आज हॉर्न, उद्या वायपर, परवा स्टार्टिंग असं सुरू होतं. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

कोकणातली गाडी घाटावर आणावी का?

इंजिन बऱ्याचदा उत्तम असतं, प्रश्न खाऱ्या हवेने गंजणाऱ्या पत्र्याचा आहे. मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, बॅटरीखालचा ट्रे आणि मॅटखालची जमीन नीट बघा. मॅट उचलू देत नसतील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. वरवरचा गंज घासून रंगवता येतो, पण जमीन सडून भोक पडलं असेल तर पत्रा कापून वेल्डिंग करावं लागतं.

खड्ड्यात खडखड आवाज येतो. मोठं काम असतं का?

बहुतेक वेळा नाही. आपले रस्ते बघता लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, शॉकअपच्या वरचं माउंटिंग हे दर काही वर्षांनी जाणारच. हे सगळं बदलता येतं आणि आवाक्यातलं आहे. चाक पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेताना कट-कट-कट असा आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेला आहे. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालं की माती आत जाते आणि जॉइंट खराब होतो. फाटलेलं बूट वेळेत बदललं तर जॉइंट वाचतो, म्हणून सर्व्हिसला गाडी वर घेतली की मी स्वतः खाली वाकून चारही बूट बघते. वेगाबरोबर वाढत जाणारा घूं असा आवाज व्हील बेअरिंगचा. तो मात्र लांबवू नका. पॉवर स्टीअरिंग असलेल्या गाडीत स्टीअरिंगचा दिवा लागून ते अचानक जड झालं तर आधी बॅटरीची टर्मिनल आणि अर्थिंग बघा, लगेच महागडा पार्ट बदलायला निघू नका.

सीएनजी किंवा एलपीजीची घ्यावी का?

किटची नोंद आरसीवर असेल आणि सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाल्याचं प्रमाणपत्र असेल तरच. २००६मध्ये एलपीजीवरची वॅगन आर ड्युओ आली होती, पण एलपीजीचे पंप आता फार थोडे राहिले आहेत. मी पेट्रोलचीच घेतली आणि समाधानी आहे.

नव्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीला त्रास होतो का?

हा प्रश्न गेल्या वर्षभरात सगळ्यांत जास्त आला. पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच जिल्ह्यांतले साखर कारखाने ते इथेनॉल करतात आणि उसाला त्याने आधार मिळतो, हे मला मान्य आहे. पण २००७ची गाडी या पेट्रोलसाठी बनवलेली नाही हेही खरं आहे. २० टक्के मिश्रणाला योग्य अशा गाड्या एप्रिल २०२३पासून येऊ लागल्या.

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्या हिशेबाने २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी झाली. माझ्या वहीतही तेच दिसतं. पूर्वी शाळेच्या रस्त्यावर १७चं ॲव्हरेज पडायचं, आता १६ पडतं. दुसरी गोष्ट रबराची. पेट्रोलचे जुने पाइप आणि सील फुगतात किंवा तडकतात. मी मागच्या वर्षी टाकीपासून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलून घेतले आणि पेट्रोल फिल्टर आता दरवर्षी बदलते. तिसरी गोष्ट, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका. रोज चालणाऱ्या गाडीला याचा मला तरी काही त्रास जाणवलेला नाही. पेट्रोलचा वास आला तर मात्र त्याच दिवशी गाडी दाखवा. तिथे थांबायचं नाही.

पार्ट मिळतात का?

मिळतात, आणि या गाडीची खरी ताकद तीच आहे. कराडसारख्या गावात क्लच प्लेट, बेल्ट, ब्रेक शू त्याच दिवशी मिळतात. आतल्या प्लॅस्टिकच्या वस्तू, दाराची हँडल, काच वर करायची यंत्रणा यांना वेळ लागतो. एकच सांगते: रबर, बेअरिंग, ब्रेक आणि बेल्ट ओरिजिनल किंवा नावाजलेल्या कंपनीचेच घ्या, आणि जुना पार्ट हातात मागून घ्या. एका गॅरेजमध्ये मला ओरिजिनलचे पैसे लावून लोकल बुश घातले होते. आठ महिन्यांत परत खडखड सुरू झाली तेव्हा कळलं.

वर्षाला खर्च किती येतो?

माझ्या वहीप्रमाणे पेट्रोल आणि विमा सोडून वर्षाला सरासरी २२ हजार. पण सरासरीने फसू नका. एखादं वर्ष आठ हजारांत जातं आणि एखाद्या वर्षी एसीची कूलिंग कॉइल, टायर आणि क्लच असं एकदम येऊन ४० हजारांच्या वर जातं. गाडीच्या किमतीव्यतिरिक्त २५-३० हजार बाजूला असतील तरच सौदा करा, कारण बेल्ट, सगळी ऑइलं, कूलंट, पाइप, बॅटरी, ब्रेक हे पहिल्या तीन महिन्यांतच करून टाकायचं असतं. त्यानंतर गाडी तुम्हाला आणि तुम्ही गाडीला ओळखू लागता.

सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुनीचा भाव सांगणाऱ्याला याची आठवण जरूर करून द्या.

पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात द्यावी लागते का?

नाही. हा गैरसमज फार खोल आहे. दिल्लीतला नियम वेगळा आहे, आणि एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवत नाहीत, तेही वेगळं. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत पास झाली तर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. पंधरा वर्षं आरसीवरच्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात.

माझ्या गाडीचं नूतनीकरण २०२२मध्ये झालं. १ एप्रिल २०२२पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५ हजार झाली आणि माझी तारीख ऑगस्टमधली, त्यामुळे मी ५ हजार भरले. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला आता १० हजार लागतात. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर सगळं चालू हवं, विमा आणि पीयूसी चालू हवा. १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेत असाल तर हा सगळा खर्च तुमच्या डोक्यावर येणार आहे, तो भावातून वजा करा.

नावावर करताना काय चुकतं?

पैसे देऊन चावी घेतात आणि फॉर्मवर सह्या घेऊन ठेवतात, ट्रान्सफर राहून जातं. फॉर्म २९ आणि ३० त्याच आठवड्यात जमा करा. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याने आणून दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण बोजा कुणी उतरवलेलाच नसतो. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र (एनओसी) लागतं. गाडीवर थकलेले चलन आहेत का हे परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून आधीच बघा.

विमा पूर्ण घ्यावा की फक्त थर्ड पार्टी?

मी थर्ड पार्टी आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा घेते. एवढ्या जुन्या गाडीची धरलेली किंमत फार कमी असते. एक बारकावा लक्षात ठेवा. जुनी वॅगन आर १०६१ सीसीची असल्याने हजार सीसीच्या वरच्या गटात जाते. या गटाचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये, तर ९९८ सीसीच्या नव्या इंजिनाला २,०९४, दोन्हीवर जीएसटी वेगळा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

घरच्यांना बसवायला सुरक्षित आहे का?

इथे मी गोड बोलणार नाही. या काळातल्या बहुतेक गाड्यांत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. गाडी उंच आणि हलकी आहे. जोराच्या वाऱ्यात, किंवा महामार्गावर मोठी बस बाजूने गेली की हलते. मी ८०च्या वर जात नाही. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लावायला लावते, टायर आणि ब्रेक यांत काटकसर करत नाही, पावसाळ्यात रात्री घाट करत नाही. रोज द्रुतगती मार्गावरून पुणे-मुंबई करणाऱ्या माणसाने ही गाडी घेऊ नये. ज्याला गाडीखाली वाकून बघायला वेळ नाही आणि जवळ विश्वासाचा मिस्त्रीही नाही, त्यानेही घेऊ नये.

ती फाइल तुम्ही अजून ठेवता का?

हो, तीच निळी फाइल. आधीच्या मालकांची बिलं पुढे, माझी मागे. प्रत्येक बिलावर मीटर आणि तारीख मी स्वतः लिहिते, कारण गॅरेजवाले बऱ्याचदा लिहीत नाहीत. शेवटी एक वही बांधली आहे. पेट्रोल किती भरलं, ॲव्हरेज किती पडलं, कोणता आवाज कधी सुरू झाला, ते तिच्यात. गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला मी आधी ही वही देईन, मग चावी. कुंभार्लीत कापलेला पाइपाचा तुकडा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच फाइलला लावून ठेवला आहे. वहीतली परवाची नोंद अशी: "२,११,३४०. डाव्या पुढच्या चाकाकडून घूं. ५०च्या पुढे वाढतो. शनिवारी मिस्त्रींकडे."